सोड आता नांगर

विजयसिंहांनी तोंडाजवळ नेलेला घास परत ताटात ठेवला.

*

लाँचच्या केबिनचा दरवाजा सरकता होता. लोखंडी, गंजलेला, धरायला मोठं कडं असलेला. लाँच बुडवण्याआधी तो काढून टाकावा, असं कुणीतरी सुचवलं होतं. दारासकट फोटो चांगले येतील, असं दुसरं कुणीतरी म्हणालं.

*

मच्छीमार संस्थेच्या शेडच्या पत्र्यावर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: बुडीव लाँचपाशी नांगर टाकू नये. पिंपाला दोर बांधावा. आधी येईल त्याने पिंपाला, मागून येईल त्याने पुढच्याच्या होडीला. पुढच्याला निघायचे झाल्यास मागच्याने त्याचा दोर हातात द्यावा, पाण्यात फेकू नये.

*

विजयसिंहांच्या लासुर्ण्याच्या घरातली शेवटची बैलजोडी विकली, त्याला एकवीस वर्षं झाली. नांगर भंगारात गेला.

*

पाण्याखालचा हिसका दोरातून हाताला कळतो. कशाचा, ते कळत नाही.

*

ताट तसंच पुढं होतं. विजयसिंह सकाळपासून पडवीत फवारणीचा पंप खोलून बसले होते. पंपाला काही झालेलं नव्हतं. दुपारी तीनला धरणाच्या काठावर संस्थेची बैठक होती आणि तिकडं जायचं नाही हे ठरलेलं होतं, म्हणून हातांना काहीतरी हवं होतं. बाराच्या सुमाराला सून दारात आली आणि म्हणाली,

"आबा, सोडा आता नांगर. ताट वाढलंय."

ते उठले, हात धुतले, पाटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला. आणि मग तो घास परत खाली ठेवला.

"उत्कर्षा, आत्ता काय म्हणालीस तू?"

"जेवायला चला म्हणाले."

"तसं नव्हं. शब्द कोणता वापरलास?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन उभीच राहिली. म्हणाली, तुमचाच की शब्द आबा. आमच्या वडगावला असं कुणी म्हणत नाही, मी इथं येऊन शिकले.

खरं होतं. विजयसिंहांचे वडील बांधावर उभे राहून गड्यांना हाळी द्यायचे, सोडा आता नांगर, आणि गडी बैल मोकळे करून झाडाखाली भाकरी सोडायचे. बैल गेले, शब्द घरात राहिला. पुढं तो खुरपणाऱ्या बायांना लागू झाला, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला लागू झाला. उत्कर्षा तो गणितं सोडवत बसलेल्या पोराला म्हणायची, लॅपटॉपवर वाकलेल्या नवऱ्याला म्हणायची. अर्थ एवढाच, की पुरे झालं, हातातलं ठेवा, दोन घास खा. त्या घरात त्या शब्दाइतकं मायेचं दुसरं काही बोललं जात नव्हतं.

विजयसिंहांनी ताटाला नमस्कार केला आणि ते उठले.

"तब्येत बरी नाही का?" उत्कर्षानं विचारलं.

"जाऊन येतो," ते म्हणाले. कुठं, ते बोलले नाहीत. गाडीची किल्ली खुंटीवर होती, ती दोनदा चाचपून मग त्यांच्या हाताला लागली.

*

सोळा दिवसांपूर्वीचा तो शुक्रवार.

लाँच पूर्वी ह्या काठावरून करमाळ्याच्या बाजूला माणसं न्यायची. रस्ते झाले, लाँच बंद पडली, चार वर्षं काठावर कलंडून राहिली. मग विजयसिंहांचा पुतण्या शंभूराज आणि मच्छीमार संस्था, दोघांनी मिळून ती खोल पाण्यात नेऊन बुडवली. संस्थेचं म्हणणं, सांगाड्यात मासा थारा धरेल. शंभूराजचं म्हणणं, पुण्याची हौशी माणसं पाण्याखाली जाऊन बघायला येतील. दोन्ही झालं. पाच पुरुष खोल पाण्यात लाँच बसली, तिच्यापासून वर तारेचा दोर आला, दोराला निळं प्लास्टिकचं पिंप बांधलं. होड्या त्या पिंपाला लागायच्या. नांगर टाकायचा नाही, कारण खाली काय अडकेल, काय तुटेल, कोण असेल, ते वरून दिसत नाही. भोईवस्तीनं केलेला हा नियम पुण्याची माणसंसुद्धा पाळत.

होड्या विजयसिंहांच्या पैशातून आल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना मालक म्हणत. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. महिन्यातून एकदा ते यायचे, आणि म्हस्कू त्यांना पाण्यात फिरवून आणायचा. म्हस्कू पन्नाशीचा, वल्ह्यावरचा माणूस. बोलणं कमी. विजयसिंह त्याला उसाचे भाव सांगायचे, तो व्हय म्हणायचा.

त्या दिवशी पिंपाचा नवा दोर बघायला दोघं गेले. शनिवारी पुण्याची सहा माणसं यायची होती. केबिनमध्ये अडकलेली जुनी जाळी भोईवस्तीतल्या भीमानं काढून ठेवायची होती, पण तो चारनंतर पाण्यात उतरणार असं सांगून गेला होता. चारनंतर त्याच्या बायकोला दवाखान्यात न्यायचं निघालं, म्हणून तो साडेअकरालाच आला. कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं. तो होडी घेऊन आला नाही. टायरच्या ट्यूबवर बसून, पाठीला शंभूराजनं दिलेली हवेची टाकी लावून, हातानं पाणी मारत आला. काळी ट्यूब त्यानं पिंपाच्या पलीकडच्या अंगाला बांधली आणि तो खाली उतरला.

त्यानंतर आलेल्या म्हस्कूनं अलीकडच्या अंगानं दोर लावला. वारा होता. पाण्यावर सुरकुत्या पडलेल्या, त्यात बुडबुडे उठले असते तरी दिसले नसते. होडी पिंपाभोवती झुलायला लागली तसे विजयसिंहांनी दोन्ही हातांनी काठ धरले. म्हस्कूनं ते पाहिलं. मग विजयसिंहांनी धीर करून एक हात सोडला, पिशवीतून डबा काढला. उत्कर्षानं दोघांच्या भाकऱ्या दिल्या होत्या. म्हस्कू सकाळपासून उन्हात वल्हं मारत होता, त्याच्या तोंडाकडं बघून त्यांना वाईट वाटलं.

"म्हस्कू, सोड आता नांगर."

म्हस्कू हातातलं वल्हं तसंच धरून थांबला.

"हितं?"

"हितंच. मग काय काठावर जाऊन?"

"मालक, हितंच म्हंता?"

"किती इचारशील? सोड की."

म्हस्कू पुढच्या टोकाला गेला. विजयसिंह डब्याची कडी काढत होते. मागं पाण्याचा आवाज झाला, तो हात धुतोय असं त्यांना वाटलं.

*

नांगर चार फाट्यांचा होता, सळ्या वाकवून केलेला, नऊ किलोचा. म्हस्कूनं तो फेकला नाही, दोर हातातून सरकवत हळू खाली सोडला. एक फाटा केबिनच्या दाराच्या कड्यात गेला. वाऱ्यानं होडी ओढली, दोर ताणला, दार सरकलं आणि बंद झालं. होडी जोवर ओढत होती तोवर ते बंदच राहणार होतं. भीमा आत होता, आणि टाकीत थोडीच हवा उरली होती.

हे नंतर कळलं. त्या वेळी दोघं जेवत होते.

विजयसिंहांच्या गुडघ्याला नांगराचा दोर घासत होता. तो हिसके द्यायला लागला. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि हसून विचारलं, मासा लागला का रं? म्हस्कूनं दोराकडं पाहिलं. मग पिंपाकडं पाहिलं. पिंप फिरलं होतं, आणि त्याच्या आडून ट्यूबची काळी कड बाहेर आली होती.

त्यानं दोर वर ओढला नाही. ओढला असता तर खाली जे अडकलंय ते अजून घट्ट झालं असतं, एवढं त्याला कळत होतं. तो अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेला. टाकी नाही, काही नाही. वर आला, पुन्हा गेला. वर आला, पुन्हा गेला. चौथ्या खेपेला भीमाला घेऊन आला. होडीत विजयसिंह एका जागी बसून होते. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांना हललं तरी भीती वाटत होती.

काठाकडं येताना म्हस्कू एकदाच बोलला. तुमीच म्हणला न्हवं का, मालक. विजयसिंहांना वाटलं, धक्क्यानं बरळतोय.

पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांनी जे खरं वाटत होतं ते सांगितलं, की मी नांगर टाकायला सांगितला नाही. म्हस्कूनं हे ऐकलं. त्याच्या जबाबात, माझ्या हातून पडला, एवढंच होतं. अपघाती मृत्यूची नोंद झाली. पोलिसांचं संपलं.

संस्थेचं संपलं नव्हतं. लाँचवर नांगर टाकणाऱ्याला पिंप बंद, हा त्यांचा कायदा. पिंप बंद म्हणजे फक्त त्या पिंपाला दोर लावायचा नाही असं नाही. त्याच्या होडीमागं कुणी होडी लावत नाही, त्याचा दोर कुणी हातात घेत नाही, वादळात तो एकटा. बाप्याला पिंप बंद झालं की वर्षभरात तो वल्हं विकून कुठंतरी वॉचमन होतो. भीमाचं तेरावं झालं आणि बैठक लागली. आदल्या रात्री शंभूराजचा फोन आला होता. काका, तुम्ही तिकडं फिरकू नका, म्हणाला. जबाबात एक आणि तिथं एक असं निघालं तर उगाच सगळं उकरलं जाईल.

तेव्हा विजयसिंहांना ते पटलं होतं. त्यांच्याकडं जबाबाहून वेगळं काही नव्हतंच.

*

शेडमध्ये वीसपंचवीस माणसं सतरंजीवर बसली होती. बाया एका अंगाला. विजयसिंह दारात दिसले तसं बोलणं थांबलं आणि कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. ते खुर्चीवर बसले नाहीत. दाराशीच उभे राहिले.

मधोमध संस्थेचे चेअरमन आप्पा बसले होते, सत्तरीचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांच्यासमोर म्हस्कू उकिडवा, टोपी हातात. बायांच्या बाजूला भीमाची बायको सारजा भिंतीला टेकून होती. कपाळ मोकळं.

आप्पांचं विचारून झालं होतं असं दिसलं. तरी त्यांनी विजयसिंहांसाठी म्हणून पुन्हा विचारलं.

"म्हस्कू, नांगर कुणी टाकला?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"माझ्या हातानं टाकला, आप्पा."

"हाताचं इचारत न्हाय मी."

म्हस्कूनं टोपीची घडी मोडली आणि परत घातली. मागून एकजण म्हणाला की चाळीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस असं कसं करतो, ह्याच्या डोसक्यात काय भरलं होतं. दुसरा म्हणाला, मालकाला निवांत बसवायचं आसंल. कुणी हसलं नाही.

"मी सांगितलं," विजयसिंह म्हणाले.

आप्पांनी बरा डोळा त्यांच्याकडं वळवला. "इजयसिंगराव, तुमी पोलिसात म्हणला, सांगितलं न्हाय."

"मला तवा कळलं नव्हतं. आज कळलं."

मग ते सांगायला लागले आणि जसजसं सांगत गेले तसतसं त्यांना जाणवलं, की ही गोष्ट तोंडातून बाहेर येताना खोट्यासारखी वाटते. आमच्या घरात असं म्हणतात. बैल होते तेव्हापासून. काम थांबवा, जेवायला बसा, असा त्याचा अर्थ. हा पुन्हा पुन्हा विचारत होता, हितं का म्हणून. मला वाटलं होडीतच जेवायचं का असं विचारतोय. मी म्हणालो हितंच.

पत्रा उन्हानं कडकडत होता.

"जेवा म्हणायला जीभ झडती का?" बायांमधून एक म्हातारी म्हणाली. प्रयागबाई, भीमाची चुलती. तिनं विजयसिंहांकडं पाहिलंही नाही, सतरंजीकडं बघून बोलली. "आमच्यात नांगर सोडला की होडी थांबती. तुमच्यात माणसं ताटावर बसत्यात. बरं हाय."

आप्पांनी हात वर केला. म्हस्कूला विचारलं की हे खरं आहे का. म्हस्कू म्हणाला, मालक काठाला धरून बसले होते, होडी झुलत होती. मला वाटलं भ्यालेत. नांगरानं होडी थांबंल म्हणून म्हणत्यात. दोनदा इचारलं मी.

"तीनदा," विजयसिंह म्हणाले.

"दोनदाच," म्हस्कू म्हणाला.

"हे आदी का बोलला न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

त्यावर म्हस्कू प्रथमच मान वर करून बोलला. म्हणाला, ते पोलिसापुढं न्हाय म्हणले. मग मलाच वाटाय लागलं, म्हणले नसतील. आपल्यालाच ऐकू आलं आसंल. सोळा दीस मी तेच धरून बसलोय, की आपल्याला ऐकू कसं आलं.

विजयसिंहांनी भिंतीला हात लावला. त्यांना वाटलं होतं की सांगितलं की काहीतरी हलकं होईल, निदान म्हस्कूचं. तो तसाच उकिडवा होता.

"आप्पा, मी इचारू का?" सारजा म्हणाली.

तिनं पदर सारखा केला आणि विजयसिंहांना विचारलं.

"म्हंजे तुमी म्हस्कूदादाला जेवायला बलवलं."

"व्हय, बाई."

"आन हे जेवलं?"

विजयसिंहांनी म्हस्कूकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"एक भाकर," म्हस्कू म्हणाला. "दुसरी मोडली हुती."

सारजानं मान हलवली, जशी बाजारात किंमत ऐकून हलवतात, घ्यायचंही नाही आणि भांडायचंही नाही. मग ती पुन्हा भिंतीला टेकली.

आप्पांनी निर्णय सांगायला फार वेळ लावला नाही. म्हस्कूला पिंप बंद नाही. त्याचा दोर संस्थेतला प्रत्येकजण हातात घेईल, घेणार नाही त्यानं आत्ता बोलावं. कुणी बोललं नाही. दुसरं, लाँचवर इथून पुढं हौशी माणसं उतरणार नाहीत, मासाही धरायचा नाही, पिंप काढून घ्यायचं. इजयसिंगरावांनी आपल्या होड्या न्याव्यात, भोईवस्तीतला कुणी त्यावर हात ठेवणार नाही. पोलिसात परत जाऊन काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी बघावं, आम्ही सांगा म्हणत नाही आणि नको म्हणत नाही.

विजयसिंह बरं म्हणाले. होड्यांचं त्यांच्या मनात काहीच आलं नाही. म्हस्कू उठून त्यांच्याजवळून दाराकडं गेला तेव्हा त्याला काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटलं. तोंडाशी जे शब्द आले ते त्यांनी गिळले. आता कुठलाही शब्द ह्या माणसाला काय ऐकू येईल, ह्याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता.

माणसं उठायला लागली तसं आप्पांनी पुन्हा बसवलं. नोंदीत एक राहिलं होतं. खाली उतरणाऱ्यानं पिंपाला लाल फडकं बांधायचं असतं, हाही नियमच. फडकं दिसलं असतं तर मालकानं काहीही म्हणू दे, म्हस्कूनं नांगराला हात लावला नसता. तेव्हा भीमाकडूनही चुकलं का, हे लिहायला हवं.

"फडकं हुतं का पिंपाला?"

"न्हवतं," म्हस्कू दारातून म्हणाला.

"ट्यूबवर? पिशवीत?"

"कुठंच न्हवतं. नंतर समदं बघितलं."

मागचा एकजण म्हणाला की भीमा आणि फडकं विसरेल हे पटत नाही, तो तर ते ट्यूबलाच गाठ मारून ठेवायचा, कायमचं. आप्पांनी सारजाकडं पाहिलं. तिचे हात मांडीवर होते. ती त्या हातांकडं बघत होती, आणि त्यांनी काय विचारलं ते जणू तिला ऐकूच आलं नव्हतं. प्रयागबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"इसरला आसंल," आप्पा म्हणाले, आणि तसंच लिहून घेतलं.

भीमा बुडाला त्याच्या आदल्या संध्याकाळी सारजानं ते फडकं ट्यूबवरून सोडून घेतलं होतं, चिखलानं वास मारत होतं म्हणून साबण लावून धुतलं होतं, आणि घरामागच्या तारेवर वाळत घातलं होतं.